हातनं सांडलेलं माणूस

सीमाभागातल्या येळ्ळूरचे आण्णाप्पा मास्तर मराठी शाळेतून निवृत्त झाले, तरी गावाने त्यांना सोडले नव्हते. कानडीतून अर्ज द्यायचा म्हटला की लोक त्यांच्याच कट्ट्यावर येऊन बसत. मास्तर लिहूनही देत, पण आधी समोरच्याची भाषा सुधारत. खोडच ती.

मागच्या थंडीत एका सकाळी राजाबाई धापा टाकत आली.

"मास्तर, आमचं मालक सांडलं वो! पोलिसांस्नी अर्ज पायजे."

तिचा नवरा मष्णू दोन वर्षांपासून भ्रमिष्टासारखा झाला होता. स्वतःचे दारसुद्धा ओळखायचा नाही. मास्तरांना सगळे ठाऊक होते. पण त्यांच्या कानाला खटकला तो शब्द.

"पैसे सांडतात, राजाक्का. माणूस हरवतो. आणि जुन्या मराठीत सांडणे म्हणजे टाकून देणे. तू काय नवऱ्याला सोडून आलीस?"

राजाबाईचे तोंड एवढेसे झाले. काहीतरी बोलणार होती, ते ओठांतच राहिले. मास्तरांनी 'घरातून निघून गेले' असे लिहिले. तिने अंगठा उठवला.

मग सारा गाव लोटला. पिरनवाडीपर्यंतचे शिवार धुंडाळले, विहिरीत गळ टाकले. पाचव्या दिवशी मष्णू सापडला तो पार तिकडे, निपाणीच्या पुढे, बोरगावच्या वाटेवर. ऊसतोड्यांना फडाच्या कडेला दिसला, गारठून गेलेला. आठवड्याभरात तो गेला.

दिवसकार्य झाल्यावर मास्तर भेटायला गेले, तेव्हा राजाबाई बोलली.

"कुणाला न सांगता बोरगावला नणंदेकडं निघालतो. निपाणी स्टँडवर केळी घ्यायला हात सोडला, येवढंच. सांज हुस्तवर हुडिकलं. त्येच सांगाय आलते तुमच्याकडं. तुमी म्हणलासा, सोडून आलीस काय, आन् माझी जीभच उचलंना. मग घरातबी कुणाला सांगितलं न्हाय."

 मास्तर चाचरत म्हणाले, "हरवणे हा शब्द हिरावून नेण्यातून आलाय, राजाक्का. कोणीतरी नेतं. ज्याचं जातं त्याचा त्यात दोष नसतो. हे मी तेव्हाच सांगायला पाहिजे होतं."

"शब्द ऱ्हाऊ द्या मास्तर," ती म्हणाली. "कुठं सांडलं, येवढं इचारला असतासा तरी लई झालं असतं."

तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मास्तरांना बरे वाटले असते. ती उठून आत गेली आणि तिने त्यांच्यासाठी चहाचे आधण ठेवले.