दोन पाकिटांची अदलाबदल

ही गोष्ट माझ्या बायकोलाही माहीत नाही. ज्यांच्या हाताखाली शिकलो ते सर गेले, त्यांनाही कधी बोललो नाही. तुम्हाला सांगतोय, कारण एकदा तरी ती जशी घडली तशी सांगून टाकावी असं वाटतं. बाकी काही नाही.

मी भूलतज्ज्ञ आहे. मूळचा घनसावंगीचा, आता जालन्यात असतो. नव्वद सालानंतरची गोष्ट. एका मोठ्या शहरातल्या सरकारी रुग्णालयात मी एम.डी. करत होतो. प्रबंधाचा विषय होता – हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन करताना रोग्याला झोपवायला कुठलं औषध बरं? जुनं थायोपेंटोन की तेव्हा नवं असलेलं मिडाझोलाम? आजारी हृदयाला ती पहिली दोन-तीन मिनिटंच अवघड जातात. औषध शिरेत गेलं की रक्तदाब उतरतो. किती उतरतो ते मी मोजून लिहायचं.

कुणाला कुठलं औषध, हे मात्र मी ठरवायचं नव्हतं. सरांनी चिठ्ठ्या घालून क्रमांकाची पाकिटं बंद करून दिली होती. ऑपरेशनच्या सकाळी त्या क्रमांकाचं पाकीट फोडायचं, आत निघेल ते द्यायचं. रोग्यांना हे समजावून सह्या घेण्याचं काम माझं. शहागडच्या एका बाईंना, सुमनबाईंना, समजावत होतो तेव्हा त्यांच्या नवऱ्यानं मध्येच विचारलं, “म्हंजे सरपंचाच्या वक्ताला ईश्वरचिठ्ठी काढतेत, तसं?” मी म्हणालो, बराबर तसंच. इतकं सोपं मला स्वतःला सुचलं नसतं. पुढे सगळ्यांना मी ईश्वरचिठ्ठीच सांगू लागलो.

सुमनबाई तिशीच्या आतल्या. नवऱ्याचं हायवेला पंक्चरचं दुकान, कडेवर दोन वर्षांची मुलगी. बाई बोलायच्या कमी. मुलीला दूध कोण पाजणार, एवढंच दोनदा विचारलं.

सुमनबाईंचं ऑपरेशन ज्या दिवशी ठरलं त्याच दिवशी, त्यांच्या आधी, किसनमामांचं होतं. मामा कुंभार पिंपळगावचे, आईच्या माहेरच्या शेजारघरातले. सख्खे नव्हेत, पण आमच्याकडे असं कोण मोजतं? आईनं निरोप धाडला होता – आपला माणूस आहे, नीट बघ. गावाकडचा माणूस दवाखान्यात आला की शिकलेल्या पोरानं त्याच्यासाठी काहीतरी ‘करायचं’ असतं. खाट मिळवून द्यायची, मोठ्या डॉक्टरांची ओळख काढायची. ते सगळं माझं करून झालं होतं.

तोवर माझे निम्म्याहून जास्त रोगी झाले होते. सरांनी निष्कर्ष काढायला मनाई केली होती, पण डोळे होतेच ना? थायोपेंटोनला रक्तदाब जास्त खाली जातो, हे मी मनात पक्कं करून बसलो होतो. सकाळी लवकर जाऊन मामांचं पाकीट फोडलं – थायोपेंटोन. मग –

मग मी सुमनबाईंचं पाकीटही फोडलं. मिडाझोलाम.

चिठ्ठ्या बदलल्या. पाकिटं डिंकानं चिकटवली. एक मिनिटही लागलं नसेल. आईचा निरोप पाळला म्हणून बरंच वाटलं. आणि ही दुसरी चिठ्ठी कुणाच्या वाट्याला जातेय? हे मला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? सुमनबाईंच्या कागदावर पाकिटाचा क्रमांक मीच लिहिला होता.

मामा छान झोपले, छान उठले. सुमनबाईंना औषध दिलं आणि रक्तदाब घसरला तो घसरतच गेला. हृदय थांबलं. आम्ही छाती दाबून, औषधं देऊन ते परत चालू केलं, ऑपरेशनही झालं. पण बाई शुद्धीवर आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी गेल्या. नवऱ्याला मी सांगितलं, चिठ्ठीत जुनं औषध निघालं, त्यानं रक्तदाब उतरला. झडप फारच खराब होती, कशानंही झालं असतं, असं सर म्हणाले. असेलही. मी प्रबंधात त्यांचा आकडा थायोपेंटोनच्या रकान्यात लिहिला आणि पास झालो. कुंभार पिंपळगावात मामांनी माझा सत्कार ठेवला, तो मी घेतला.

आणखी एक राहिलं. तेरा-चौदा वर्षांनी शहागडचा तो नवरा जालन्यात माझ्यासमोर उभा राहिला. मुलीचं अपेंडिक्स काढायचं होतं. सर्जन माझ्या ओळखीचे होते. त्यांना यानं एकच अट घातली होती, भूल मीच द्यायची. वाटलं, याला कळलं.

“डाक्टर साहेब, तव्हा तुम्ही समदं खरं खरं सांगितल्तं,” तो म्हणाला. “तिची चिठ्ठीच तशी निघाली, त्याला कोण काय करणार? पर तुम्ही लपवलं न्हाई. म्हणून पोरीला दुसऱ्या कुणाच्या हाती देत न्हाई.”

तेव्हा सांगता आलं असतं. दार बंद होतं, खोलीत आम्ही दोघंच होतो. मी फक्त विचारलं, सकाळपासून तिनं काही खाल्लंय का?

मुलीला भूल दिली. ती वेळेवर जागी झाली. बाहेर येऊन सांगितलं तेव्हा तो माझ्या पाया पडायला वाकला, आणि मी त्याला पडू दिलं.