वन्समोर

आमच्या नागपूरकडे पाहुणा ‘नाही’ म्हणाला की त्याला अजून विचारायचं असतं. पहिलं नाही रीतीचं, दुसरं नाही लाजेचं, आणि तिसऱ्या नाहीनंतर वाढणाऱ्याने विचारणं बंद करून सरळ ताटात वाढायचं. माझा नवरा पुण्याचा. त्याच्या घरी एकदाच विचारतात, तेही भांड्यावर झाकण ठेवता ठेवता. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी आमचा हा वाद काही मिटला नाही, आणि गेल्या पाडव्यापर्यंत मला खात्री होती की यात माझंच बरोबर आहे.

टेक्सासमधल्या फ्रिस्कोत आमच्या गल्लीत बहुतेक घरं आपल्याच लोकांची. त्यामुळे शेजारचं घर भाड्याने घेऊन एक गोरं कुटुंब आलं तेव्हा सगळ्यांच्या खिडक्यांचे पडदे हलले. नवरा, बायको आणि पाच वर्षांची एक मुलगी. नवरा चांगला धिप्पाड, पण चालताना उजवा पाय जपून टाकायचा. मी सांबारवड्या घेऊन गेले. कोथिंबिरीला आम्ही सांबार म्हणतो आणि तिच्या वड्या खाऊ घातल्याशिवाय आमच्याकडे ओळख पुरी होत नाही. तो म्हणाला, “नको नको, आत्ताच जेवलो.” मी म्हटलं, एक घ्या. पुन्हा नको. मी म्हटलं, अर्धी तरी. नको. मग मी उचलून हातातच दिली. गड्याने उभ्या उभ्या चार खाल्ल्या.

“बघितलंस?” घरी येऊन मी नवऱ्याला म्हटलं. “माणसाच्या तोंडात एक असतं नि पोटात एक. विचारणारा पाहिजे.”

“त्याला तुझी भीती वाटली असेल,” नवरा म्हणाला.

मी त्याला आधी इंग्लिश समजत होते. त्याने लगेच दुरुस्त केलं, इंग्लिश नाही, वेल्श. मला ते फार आवडलं. इथे मला कुणी ‘तुम्ही हिंदी बोलता ना?’ म्हटलं की मीही अशीच पटकन बोलते. तिथपासून आमचं जमलं. संध्याकाळी मागच्या अंगणात तो गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवून बसायचा आणि मी कुंपणाच्या अलीकडून चहाचा कप द्यायची. फुटबॉल हाच त्याचा धंदा. वडील पावाची गाडी चालवायचे, त्या गाडीत पावाच्या ट्रेमध्ये अंग चोरून बसून तो लहानपणी सामन्यांना जायचा. सोळाव्या वर्षी क्लबने घेतला, सगळ्या गावाला वाटलं, आता हा पोरगा नाव काढणार. आणि मग घोटा गेला. घोटा बरा झाला तर मांडी. मांडी बरी झाली तर गुडघा. “मी जितके सामने खेळलो ना,” तो म्हणाला होता, “त्याहून जास्त कोट घालून गॅलरीत बसून बघितले.” एकदा तर देशाच्या संघात निवड झाली. नाव छापलेला शर्टसुद्धा मिळाला. आदल्या दिवशी सरावात मांडीचा स्नायू फाटला आणि तो शर्ट तसाच घडी घालून घरी आला. हे सगळं तो हसत हसत सांगायचा. मला मात्र ऐकताना चिडचिड व्हायची. कुणावर चिडायचं हे कळत नव्हतं, म्हणून देवावर चिडायची.

अमेरिकेत तो शेवटचा प्रयत्न म्हणून आला होता. इथल्या एका लहानशा व्यावसायिक संघाने घेतलं, आणि आल्या आल्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. ऑपरेशन झालं. आता क्लबचं म्हणणं असं होतं की एप्रिलच्या शेवटी तपासणी करू, सराव बघू, गुडघा टिकला तर एक सीझन अजून. त्याला पैशाचं किंवा नावाचं काही उरलं नव्हतं. त्याला फक्त मुलीने एकदा बघायला हवं होतं. ती जन्मल्यापासून तो दुखापतीतच होता. शाळेत बाईंनी विचारलं, तुझे डॅडी काय करतात, तर ती म्हणाली, बर्फ लावतात. हे सांगताना मात्र तो हसला नव्हता.

पाडव्यानंतरच्या रविवारी मराठी मंडळाची पिकनिक होती. मीच त्यांना आग्रहाने बोलावलं. पार्कमधला मोठा मांडव बुक केलेला, ग्रिलवर कणसं, मोठ्या पातेल्यात मसालेभात, आणि वारा असा की कागदी ताटं हातात धरूनच जेवायचं. जेवणानंतर दरवर्षी काका लोकांचा आणि मुलांचा फुटबॉलचा सामना असतो. काकांच्या बाजूचा एक जण कंबर धरून बसला आणि माणूस कमी पडला. सगळ्यांच्या नजरा शेजाऱ्याकडे वळल्या. त्यांना तो कोण ते कुणी सांगितलं? मीच की! सकाळपासून मांडवभर मिरवत होते, माझा शेजारी प्रोफेशनल आहे म्हणून.

“पाचच मिनिटं,” मी म्हटलं.

तो हसून म्हणाला, नको. मी पुन्हा म्हटलं. तो म्हणाला, डॉक्टरांनी मना केलंय, दोन आठवड्यांवर तपासणी आहे. मी तिसऱ्यांदा म्हटलं, अहो, लेकरांशी तर खेळायचंय, चालत चालत खेळा. तिसरं ‘नाही’ म्हणताना तो हसत नव्हता. ते मला दिसलं होतं. मला दिसलं नव्हतं असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

“अगं, नको म्हणतोय तो. सोड ना,” माझा नवरा गोलकीपरचे हातमोजे घालता घालता म्हणाला.

“तुझं पुणेरी तुझ्यापाशी ठेव,” मी म्हटलं, आणि शेजाऱ्याच्या मुलीकडे वळले. ती मला मावशी म्हणते, मीच शिकवलंय. मी तिला विचारलं, “तुला बघायचंय ना डॅडींना खेळताना?”

काहून विचारलं असेल मी तसं? मोठ्या माणसाने नाही म्हटलं तर त्याच्या लेकराला पुढे करायचं, ही युक्ती मी आयुष्यभर ताटावर वापरली आहे. जेवणात ती खपून जाते. पोरीने मान वर करून त्याच्याकडे बघितलं. त्याने घड्याळ काढून बायकोच्या हातात दिलं.

आणि काय खेळला हो! धावलाच नाही. मैदानभर नुसता फिरत होता आणि बॉल पाळलेल्या कुत्र्यासारखा पायाशी. मुलं त्याच्या अंगावर झेपावायची आणि बॉल भलत्याच बाजूने निघायचा. हा काकांकडून खेळत होता, पण दर वेळी एखाद्या पोराच्या पायात अलगद बॉल देऊन त्यालाच पुढे पाठवायचा. नंतर नुसतीच गंमत सुरू झाली, कोण कुणाच्या बाजूने ते कुणालाच उमजेना. मग त्याने माझ्या नवऱ्याच्या डोक्यावरून, अगदी हळू, एक गोल केला. नवरा काकांचाच गोलकीपर, म्हणजे गोल आपल्याच बाजूवर! नवरा हात वर करून बघत राहिला. सगळा मांडव उठून उभा. त्याची पोरगी किंचाळत उड्या मारत होती, तिचा एक बूट कुठे उडाला तिला पत्ता नाही.

त्याने हात वर केला, पुरे अशी खूण केली आणि मांडवाकडे चालत यायला लागला. पाच मिनिटं झाली होती. तो बाहेर आला होता. पाय ठीक होता.

“वन्समोर!” मी ओरडले.

आपल्या लोकांना कुणीतरी सुरुवात करून द्यायचाच अवकाश. सगळा मांडव टाळ्यांच्या ठेक्यावर वन्समोर, वन्समोर करायला लागला. नाट्यगृहात पदाला मिळत नाही असा वन्समोर. त्या पोरीनेही शब्द उचलला. तो थांबला, तिच्याकडे बघितलं, हसला, आणि परत फिरला.

त्याला कुणी धक्का दिला नाही. टेक्सासची ती भेगाळलेली जमीन, पायात साधे बूट. बॉलसाठी वळला आणि खाली बसला. ओरडलासुद्धा नाही. दोन्ही हातांनी गुडघा धरून फक्त जमिनीकडे बघत राहिला. मांडवातल्या टाळ्या थांबल्या. त्याच्या पोरीला वाटलं हाही खेळातलाच भाग आहे. ती टाळ्या वाजवत राहिली.

पुढचं सांगण्यासारखं फार नाही. लिगामेंट पुन्हा तुटलं होतं, आणि आत अजूनही काही फाटलं होतं. क्लबने फोनवर दोन वाक्यांत सांगितलं की आता नाही. क्लब नाही तर व्हिसा नाही, हे आमच्या गल्लीत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. उन्हाळा संपता संपता ते परत जाणार असं ठरलं.

मला कुणी काही म्हणालं असतं तर बरं झालं असतं. मंडळातल्या निवृत्त हाडांच्या डॉक्टरकाकांनी माझी समजूत काढली, “तो गुडघा तसाही टिकला नसता गं, कदाचित सरावातच गेला असता.” त्या ‘कदाचित’ला धरून मी किती रात्री काढल्या ते माझं मला ठाऊक. त्याची बायको तर दिसली की आधी माझीच विचारपूस करायची. मी डबे पाठवत राहिले, भाजी, वरण, गोळाभात. अपराधी माणसाला दुसरं काय सुचतं? डबा रिकामा परत करायचा नसतो हे त्यांना आमच्याकडूनच कळलं होतं. त्यामुळे प्रत्येक डबा तव्यावर भाजलेले, मनुका घातलेले त्यांच्याकडचे छोटे केक भरून परत यायचा. मला एकही गिळवला नाही. सगळे नवऱ्याने खाल्ले.

एकदा कुंपणापाशी मी सॉरी म्हटलं. तो म्हणाला, “तुम्ही विचारलंत. आत मीच गेलो.” खरंच होतं ते. पण बाहेर आलेल्याला परत मी पाठवलं.

जायच्या आदल्या संध्याकाळी त्यांना जेवायला बोलावलं. मी श्रीखंड केलं होतं. त्याचा पाय पट्ट्यात होता, वाकत नव्हता, म्हणून समोर दुसरी खुर्ची ओढून त्यावर ठेवला. जेवताना पोरीने आपणहून गोष्ट सुरू केली. तिने डॅडींना खेळताना बघितलंय. मोठ्ठं मैदान होतं, खूप खूप लोक होते, सगळे उभे राहिले होते. काका गोलकीपर होते आणि काका खूप डेंजरस होते. माझ्या नवऱ्याने मान खाली घातली.

“डॅडी, तुझा सगळ्यात बेस्ट गोल कुठला?” तिने विचारलं.

“तोच,” तो म्हणाला. “काकांवर मारलेला.”

तिने ताटली बाजूला सारून टाळ्या वाजवल्या आणि ओरडली, “वन्समोर, डॅडी! वन्समोर!”

तिला अजून कुणी सांगितलेलं नव्हतं. त्याने तिच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाला, “बघू.”

मी श्रीखंडाचा डाव उचलला आणि त्याला विचारलं, “थोडं?” तो म्हणाला, नको. मी डाव परत ठेवला. तो माझ्याकडे बघत राहिला, आता दुसऱ्यांदा विचारतील म्हणून. मला विचारताच येईना. बाप्पा, तोंडच उघडेना माझं.

मग माझ्या नवऱ्याने, ज्याने जन्मात कुणाला दुसऱ्यांदा विचारलं नाही त्याने, माझ्या हाताखालून डाव काढून घेतला आणि म्हणाला, “घ्या हो, एवढंसं.” तो म्हणाला, नको. नवऱ्याने पुन्हा विचारलं. तो पुन्हा नको म्हणाला. तिसऱ्या वेळी नवऱ्याने न विचारता वाटीत वाढलं, आणि त्याने ते शेवटपर्यंत खाल्लं. मी त्या खुर्चीवरच्या पायाकडे बघत बसले होते.