वस्तादांना विचारून केलेली तक्रार

झुंबरबाई गडमुडशिंगीहून दूध घेऊन येते. आमचं माप घातलं की उरलेली किटली तालमीत जाते, पोरींच्या खुराकाला. तिची श्रुती त्याच तालमीत कुस्ती शिकते. चौदा वर्षांची पोर, पण दारात उभी राहिली की माझी चौकट लहान वाटते.

मागच्या आठवड्यात दूध ओतता ओतता झुंबरबाईनं सांगितलं, श्रुतीच्या पोटऱ्यांवर वळ उठलेत. वस्तादांनी रबरी पाइपनं मारलं होतं. स्पर्धेआधी वजन उतरावं म्हणून पाणीही तोडलं होतं, पोर चक्कर येऊन मातीत पडली. मी वळ बघून आले आणि म्हटलं, तक्रार करायची. मुलांसाठी हेल्पलाइन असते, इथूनच फोन लावू. ती "व्हय" म्हणाली आणि गेली ती थेट वस्तादांकडं. नारळ घेऊन.

"त्यांच्या माघारी कशी करू, वहिनी?" दुसऱ्या दिवशी तिनं मलाच विचारलं. श्रुतीला मातीत उतरवलं तेव्हा नारळ त्यांच्याच पायाशी ठेवला होता ना.

वस्ताद रागावले नाहीत. नारळाला हात लावून परत दिला आणि म्हणाले, "कर की तक्रार. मी कुठं नको म्हणतोय?"

संध्याकाळपर्यंत तालमीतला पाइप नाहीसा झाला, पोरींच्या घरोघरी वस्तादांचे फोन गेले. झुंबरबाईच्या गावच्या बयाबाईची नात श्रुतीबरोबरच मार खायची. तीच बयाबाई आता म्हणते, आमच्या पोरीला कुणी बोट लावलेलं नाही. वर झुंबरबाईला टोमणा, "लेक चितपट झाली की वस्ताद वाईट व्हय गं?"

झुंबरबाई माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून बसली. तिला रागवावं, तर तिच्या परीनं ती सरळच वागली होती. श्रुतीला डेंगी झाला तेव्हा हाच माणूस दवाखान्याच्या बाकड्यावर बसून राहिला होता, तेही मी पाहिलंय. आणि वळही पाहिलेत. शेवटी फोन लावून तिच्या हातात दिला. ती अडखळत बोलली, मध्येच "माणूस वाईट न्हाय ओ" असंही म्हणाली.

आज हेल्पलाइनच्या मॅडम श्रुतीशी बोलायला येणार आहेत. वळ फिके पडलेत, बाकीच्या पोरी गप्प आहेत. आता श्रुती काय सांगेल तेवढंच. मायलेकी सकाळपासून माझ्याकडं बसून आहेत.

"आई, काय सांगू? पाइपचं का पाण्याचं?"

"दोन्ही."

"आणि दवाखान्यात बसलेले, ते?"

झुंबरबाईनं पदर खोचला. मग म्हणाली, "ते बी सांग. खरं हाय ते समदं सांग." आणि माझ्याकडं वळली, "बरोबर हाय न्हवं, वहिनी?"

मी हो म्हटलं. खाली मॅडमची रिक्षा थांबली होती.