मिरचीच्या पोत्यातलं झुंबर

आमच्या नंदनवन वस्तीतल्या घरात, खोलीच्या मानानं फारच मोठं असं एक झुंबर आहे. उंच पाहुण्याला त्याखालून वाकूनच जावं लागतं. सासरे मिरचीचे व्यापारी, मूळचे भिवापूरचे. शहरातला एक जुना बंगला पाडत होते, तिथून त्यांनी हे फ्रान्सचं झुंबर घेतलं आणि मिरचीच्या रिकाम्या पोत्यांत भरून घरी आणलं. पोती सोडली तेव्हा अख्खं घर शिंकत होतं म्हणे. सासूबाई त्यावरून त्यांना अजून चिडवतात.

येणाऱ्याजाणाऱ्याला सासरे त्याची कथा ऐकवायचे. काचेच्या रसात शिसं घालतात, म्हणून ती एवढी जड आणि लखलखीत. मग दगडी चाकावर पाणी सोडत एकेक पैलू हातानं पाडायचा. कारागिराचा हात जरा हलला की सगळी मेहनत वाया. पाहुण्याचा चहा थंड व्हायचा, कथा संपायची नाही. दिवाळीआधी झुंबराचे काचेचे लोलक उतरवून धुवायचे ते स्वतःच, आम्हाला हात लावू देत नसत. मला त्याचा रागच यायचा.

मग सासूबाईंना लकवा झाला. पाय सावरला, पण उजवा हात मांडीवर नुसता पडून राही. व्यायामाला दिलेला रबरी चेंडू त्या डाव्या हातानं भिरकावून देत. मी काय लहान पोर आहे का, म्हणत. तो हात परत येतो की नाही, हा एकच घोर घराला लागला होता.

दिवाळी जवळ आली. सासरे खाली बसून परातीतले ओले लोलक पुसत होते, सासूबाई खुर्चीतून बघत होत्या. एकदम ते उठले, परात त्यांच्यापुढे ठेवली आणि एक ओला लोलक त्यांच्या उजव्या हातात दिला. बोटं मिटलीच नाहीत आणि लोलक फरशीवर फुटला.

"फुटला नं जी," म्हणत त्या रडायला लागल्या.

"फुटू दे वं. मले तुहा हात पाहिजे." आणि त्यांनी दुसरा लोलक पुढे केला.

तोही फुटला. पण चेंडू भिरकावणारी बाई नवऱ्याच्या काचेला जपायला लागली. दिवाळी उलटली तरी झुंबराचा सांगाडा उघडाच लोंबत होता आणि रोज सकाळी लोलकांची परात सासूबाईंपुढे यायची. हळूहळू बोटं मिटायला लागली. शेवटचा लोलक सासूबाईंनी स्वतः उजव्या हातानं तारेत अडकवला, खुर्ची मी धरली होती. अशा घरात मी आले, याचं मला फार सुख वाटतं.

तसे लोलक शोधले तर मिळतील, पण सासरे घेऊ देत नाहीत. पाहुण्यांना कथा अजून ऐकावी लागते, फक्त ती आता फ्रान्सपर्यंत पोचत नाही. रिकाम्या तारांकडे बोट दाखवून ते म्हणतात, "हे हिच्या हातासाठी गेले." तोवर सासूबाई उजव्या हातानं पाहुण्यांपुढे चहा ठेवतात.