मास्तरांच्या वहीतली खोडलेली ओळ

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितली नाही. विषय निघाला की पाणी प्यायच्या निमित्ताने उठायचो. आता मी ऐंशीला टेकलो, आणि ज्यांना सांगायला हवं होतं ते मास्तर राहिले नाहीत. निदान लिहून तरी ठेवतो.

मास्तर म्हणजे चादरीच्या कारखान्यातले रंगमास्तर. सोलापुरातल्या जुळे सोलापूर भागात आमच्या खालच्या मजल्यावर राहायचे. घरात तेलुगू, आमच्याशी अस्सल सोलापुरी. सूत कुठल्या रंगात किती वेळ ठेवलं हे लिहून ठेवायची सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. त्यांना दमा होता. तो कधी उसळतो हे ते तसंच लिहीत : डावीकडे काय खाल्लं-प्यायलं, उजवीकडे श्वास कसा होता.

काळ्या मनुकांनी त्यांना काही होत नसे, पिवळ्या बेदाण्यांनी छाती आवळायची. मुलाने आणलेल्या वाइनच्या दोन घोटांनीही तेच झालं.

"हा वास माझ्या वळखीचा हाय, साहेब," ते मला म्हणाले. "रंगखात्यात हायड्रोच्या टाकीवर वाकलं की असाच नाकात बसायचा." हायड्रो म्हणजे रंगकामात वापरतात ती गंधकाची पावडर.

बेदाणे पिवळे राहावेत म्हणून त्यांना गंधकाची धुरी देतात आणि वाइन टिकावी म्हणून तिच्यात गंधकाचीच पावडर घालतात, हे त्यांनी चार ठिकाणी विचारून काढलं. शिक्षण सातवीपर्यंत. मी आयुष्यभर ऑफिसात फायली हाताळल्या, पण इतकी स्वच्छ नोंद माझ्या हातून कधी झाली नाही. शेवटची खात्री तेवढी उरली होती. पावडर नसलेली वाइन पिऊन बघायची.

घरी वाइन करायचा नाद मला होता. द्राक्षं भावाच्या बागेतली. "नुसती द्राक्षं, साखर आणि यीस्ट," असं मी सगळ्यांना ऐकवायचो. आदल्या वर्षीची बरणी व्हिनेगरसारखी आंबट होऊन फुकट गेली होती, म्हणून त्या खेपेला मी सरबत टिकवायची पावडर गुपचूप घातली. तीही गंधकाचीच.

रविवारी दुपारी शेजारी जमले. मास्तर वही घेऊनच आले.

"यात पावडर न्हाय ना, साहेब?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "माझ्या वाइनला पावडर लागत नाही, मास्तर."

"वाइन पिताय की कापड तपासताय?" एक शेजारी हसला.

"तपासतोच हाय की," म्हणत त्यांनी घड्याळ पाहिलं, दोन घोट घेतले आणि वेळ लिहिली.

थोड्याच वेळात खोकला सुरू झाला. छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, ओठ काळपट पडले. पंपाने भागेना. रिक्षात मी त्यांना धरून बसलो होतो, आणि दवाखान्यात डॉक्टरांनी काय प्यायले विचारलं तेव्हाही मी "घरची वाइन" एवढंच बोललो. संध्याकाळपर्यंत श्वास जाग्यावर आला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला वही दाखवली. पावडरीबद्दलची ओळ पट्टी लावून खोडली होती. खाली लिहिलं होतं : 'पावडर नसताना त्रास. माझा अंदाज चुकला. कारण द्राक्षच.' डॉक्टरांनाही त्यांनी तेच सांगितलं. मग द्राक्षं सोडा, असं डॉक्टर म्हणाले.

काळ्या मनुकांच्या नोंदीसकट कित्येक महिन्यांच्या नोंदी त्यांनी माझ्या एका शब्दावर रद्द केल्या. द्राक्ष त्यांचं सर्वांत आवडतं फळ. भावाकडून पेटी आली की मी त्यांच्याकडे द्यायचो. ते स्वतः धुऊन नातवंडांना वाढायचे आणि हात पुसून बाजूला बसायचे. माझ्याकडे बोट दाखवून मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "साहेबांनी धरलं म्हणून वाचलो."

सांगायचं ठरवून मी अनेकदा जिना उतरलो. दार उघडलं की ते म्हणायचे, "या साहेब, चा टाकलाय." मग मी नळाला पाणी उद्या येणार की परवा, यावर बोलून परत यायचो.

गेल्या वर्षी ते हृदयविकाराने गेले. सुनेने वही मला आणून दिली. "काका, बाबा तुम्हाला लई मानायचे," म्हणाली. त्या खोडलेल्या ओळीखाली मी लिहिलं आहे : 'पावडर होती. मी घातली होती.'

जिन्यात मनाशी घोकलेली वाक्यं एवढीच होती : मास्तर, तुमचा अंदाज बरोबर होता. खोटं मी बोललो. मला माफ करा, आणि ही द्राक्षं खा.