हातगुणाची पेटी

बेबीनंदाच्या लहानपणी कोपीवर, पाचटाच्या झोपड्यांच्या तळावर, एकच फणी होती. ऊसतोडीच्या टोळीतल्या अकरा बायका आणि त्यांच्या पोरी, सगळ्यांच्या डोक्यातून ती एकच लाकडी फणी फिरायची. दुसरीत असताना शाळेतल्या बाईंनी बेबीनंदाला वर्गाबाहेर बसवलं. डोक्यात उवा होत्या. संध्याकाळी आईने तिचं डोकं भादरलं. त्या दिवसापासून तिने दुसऱ्याची फणी डोक्याला लावली नाही. स्वतःची फणी परकराच्या नाडीला बांधून ती शाळेत जायची. पोरी हसायच्या. तिला राग यायचा. तो राग तिने फणीसारखाच जपला.

पुढे वडील, कचरू, साखर कारखान्यात कायम झाले. अंकुशनगरला क्वार्टर मिळालं. बारावीनंतर बेबीनंदा जुन्या जालन्यात पुष्पाबाईंच्या पार्लरमध्ये कोर्सला जाऊ लागली. पुष्पाबाईंचं नाव मोठं. त्यांनी नटवलेली नवरी सासरी सुखात नांदते, असं लोक म्हणायचे. त्यांचा हातगुणच तसा.

कोर्स संपला त्या दिवशी पुष्पाबाईंनी तिला थांबवून घेतलं. कपाटातून एक पत्र्याची पेटी काढली. आत ब्रश, स्पंज, चिमटे, कंगवे.

"ही माझी पहिली पेटी. हिच्यावर दोनशे नवऱ्या सजल्यात. दुसऱ्या कुणाला दिली नसती."

बेबीनंदाने आईची कानातली फुलं मोडून ती पेटी घेतली. निघताना विचारलं, "मॅडम, धुवून घेऊ का सगळं?"

"धू की. पन हातगुण गेला तर मंग मला म्हनू नको."

तिने धुतलं नाही. खंडेनवमीला वडिलांचे पाने-हातोडे मांडले होते, त्यांच्या शेजारी पेटी मांडली. स्पंजावर हळदकुंकू वाहिलं, नमस्कार केला. दिवाळीत क्वार्टरच्या दारावर पार्लरची पाटी लावली. पेटीतला कंगवा तिने स्वतःच्या डोक्याला लावला असता का? कधीच नाही. हे तिच्या फार उशिरा लक्षात आलं.

पहिली नवरी आशामती. शेजारच्या क्वार्टरमधल्या उषाबाईंची मुलगी, बेबीनंदाची लहानपणापासूनची मैत्रीण. तुळशीचं लग्न झाल्यावरची तारीख धरली होती, मुलगा बदनापूरचा. लग्नाच्या सहा दिवस आधी बेबीनंदाने तिचं फेशियल केलं. पैसे घेतले नाहीत.

चौथ्या दिवशी आशामतीच्या दोन्ही गालांवर पुवाचे फोड आले. डावा डोळा अर्धा मिटला. दोघी जालन्याला डॉक्टरकडे गेल्या. डॉक्टरांनी काय काय लावलं ते विचारलं. बेबीनंदाने पिशवीतून स्पंज काढला. त्यांनी तो हातात घेतला नाही. नुसता पाहिला.

"हा किती जणींच्या तोंडाला लागलाय?"

बेबीनंदाने स्पंज परत पिशवीत टाकला.

"फोड सुकेपर्यंत चेहऱ्याला औषधाशिवाय काही लावायचं नाही. हळदसुद्धा नाही."

आशामतीला एसटीत बसवून बेबीनंदा तशीच पुष्पाबाईंकडे गेली. पुष्पाबाई एका बाईच्या भुवया कोरत होत्या. दोऱ्याचं टोक दातात होतं. ते न सोडताच त्यांनी ऐकून घेतलं. मग दोरा सोडून हसल्या.

"लग्नात नवऱ्याची उष्टी हळद नवरीला लावतेत ना? तवा कुठं जातेत तुझे जंतू? जा, उगंच माझं नाव खराब करू नको."

बेबीनंदाला उत्तर सुचलं नाही. रात्री तिने कात्रीने स्पंज मधोमध चिरला. आत लाल, तपकिरी, काळे थर होते. खोडाच्या वर्तुळांसारखे. कुणाकुणाची ती लग्नं.

हळदीच्या दिवशी बदनापूरहून उष्टी हळद आली. वाटी घेऊन नवऱ्याची मावशी द्वारकाबाई आली होती. तिने आशामतीच्या तोंडावरचा पदर सारला आणि वाटी खाली ठेवली.

"अगं बया! हे काय? रक्तातलं हाय का हे? आदुगर सांगायचं व्हतं."

उषाबाईंनी पदर पुन्हा आशामतीच्या तोंडावर ओढला. आशामतीची आत्या सगुणाबाई घाईने पुढे झाली. "उष्णता झालीया. लावा हळद बिगीबिगी, झाकून जाईल समदं."

ती वाटीत बोटं बुडवणार, तेवढ्यात बेबीनंदाने तिचं मनगट धरलं. दाराबाहेर पार्लरची पाटी लागून महिनासुद्धा झाला नव्हता. बोललं तर ती पाटी उतरणार. नाही बोललं तर आशामतीच्या रक्तावर डाग, आणि उघड्या फोडांवर हळद.

"रक्तातलं न्हाई," ती म्हणाली. रागाने. "माझ्या पेटीतलं हाय."

पिशवीतला चिरलेला स्पंज काढून तिने पाटावर ठेवला.

"दुसरीचा वापरलेला घेतला. हातगुण जाईल म्हनून धुतला न्हाई. हिच्या तोंडाला मी लावला. डॉक्टरनं हळद लावू नका म्हनून सांगितलंय."

"लई शहाणी झालीस!" सगुणाबाई कडाडली. "उष्टी हळद चालती, अन् उष्टा स्पंज तेवढा चालत न्हाई व्हय?"

पुष्पाबाईंचाच प्रश्न. आता मात्र उत्तर आलं.

"हळद एकाची उष्टी असती, आत्या. अन् ज्याची असती त्याच्याशी जन्म काढायचा असतो. हा दोनशे जणींचा उष्टा हाय. त्यांच्याशी काय लगीन लावायचंय का आशामतीचं?"

कुणीतरी फिसकन हसलं. द्वारकाबाईने खाली वाकून स्पंज न्याहाळला. नाक मुरडलं. मग वाटी उचलली.

"हातापायाला लावू. माझ्या हळदीला मला कांजिण्या आल्या व्हत्या. तोंडाला बोट लावलं न्हाई कुणी. चाळीस वर्सं झाली, म्हातारा कुठं पळाला न्हाई."

लग्न झालं. फोटोत आशामती सगळीकडे खाली बघते आहे. पार्लरमध्ये दोन महिने कुणी फिरकलं नाही. बेबीनंदाने नवे ब्रश आणले. रोज सकाळी दारात स्टोव्ह पेटवून कंगवे-चिमटे उकळायची, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसतील असे. सगुणाबाई मुद्दाम विचारायची, "काय गं, आज कशाची भाजी?"

फाल्गुनात बेबीनंदाकडे भोकरदनची एक पोर आली. पुष्पाबाईंकडचा कोर्स संपला होता, पुढे पार्लर कसं टाकायचं ते विचारायला आली होती. हातात पत्र्याची पेटी.

"मॅडमची पहिली पेटी हाय," पोर कौतुकाने म्हणाली. "दुसऱ्या कुणाला दिली नसती म्हनल्या."

बेबीनंदाने स्टोव्ह विझवला. फडक्यात गुंडाळलेला स्पंज फळीवरून काढला. पोरीला घेऊन जालन्याची एसटी धरली.

पुष्पाबाईंच्या वर्गात बारा पोरी बसल्या होत्या. बेबीनंदा चप्पल न काढता आत गेली आणि स्पंजाचे दोन्ही तुकडे पोरींसमोर टेबलावर टाकले.

"घ्या," ती म्हणाली. "आपापल्या गालाला लावून बघा. लई हातगुण हाय ह्याच्यात."