चंपालालकाकांचं पिवळं फडकं

चंपालालकाका पुसल्याशिवाय कशालाच हात लावत नसत. कळंबच्या त्यांच्या कापडदुकानात मीटरपट्टी, कात्री, टेलिफोन, एवढंच काय, गिऱ्हाईक टेकण्याआधी खुर्चीही पिवळ्या फडक्यानं पुसली जायची. तेसुद्धा हलक्या हातानं आणि एकाच दिशेनं. मागंपुढं घासलं तर एखादी मुंगी चिरडेल, ही त्यांच्या जैन घरातली शिकवण. "धूळ बसली की वस्तू परकी व्हती, गुरुजी," असं ते मला नेहमी सांगत. मी शेजारी राहणारा विज्ञानाचा शिक्षक. माझं टेबल पाहून त्यांनी माझ्याविषयी काय मत केलं असेल, ते विचारायचं धाडस मी कधी केलं नाही.

सिंगापूरच्या मुलानं, नीलेशनं, लॅपटॉप पाठवला, घरात राउटर बसला आणि काकांचा जीव एकाच गोष्टीत अडकला. नातीचं बारसं तिकडं रविवारी होतं, आपल्याकडच्या सकाळी साडेसातला. डॉक्टरांनी काकांना विमानप्रवासाची मनाई केलेली. नातीला बघायचं तर त्या पडद्यावरच, आणि नेमकं सकाळीच लॅपटॉपला वायफाय सापडत नव्हतं.

शाळा सुटल्यावर संध्याकाळी मी जावं तर सगळं सुरळीत. सकाळी काकांनी हाक मारावी तर बंद. मी राउटर बंद करून चालू केला, पासवर्ड पुन्हा टाकला, राउटर लोखंडी कपाटावरून काढून खिडकीत ठेवला. शिक्षकाची अब्रू पणाला लागली होती. काकांचं निदान मात्र ठरलेलं होतं. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या त्या मोठ्या छत्र्या सकाळी आभाळाकडं कान लावून बसतात आणि आपल्या घरातलंही सगळं ओढून घेतात. संध्याकाळी दमत असतील बिचाऱ्या. मी हसलो खरा, पण शनिवारपर्यंत माझ्याकडंही याहून बरं कारण उरलं नव्हतं.

रविवारी मी सातलाच जाऊन बसलो. लॅपटॉपवरचा निळा दिवा लागलेला होता, वायफाय चालू होतं. तेवढ्यात काका अंघोळ करून आले आणि त्यांनी नेमानं लॅपटॉपच्या कडेवरून फडकं फिरवलं. दिवा गेला.

मी वाकून पाहिलं. कडेला वायफायचा नखाएवढा सरकता खटका होता. काका डावीकडून उजवीकडं पुसत, तो बंद होई. संध्याकाळी मावळतीच्या आत जेवणं उरकली की कमलकाकू पुसत. त्या डावखुऱ्या, त्यांचं फडकं उलट्या दिशेनं जाई आणि खटका चालू होई. मी हे सांगितल्यावर काकू शांतपणे म्हणाल्या, "म्हंजे मी चालू करायचं आन् ह्यांनी बंद करायचं. चाळीस वर्सं आमच्या घरात हेच चाललंय."

मी खटका सरकवून त्यावर चिकटपट्टी लावली. साडेसातला पडद्यावर पाळणा दिसला. काका बघत राहिले, मग त्यांनी फडक्यानं पडदा पुसला. पुन्हा पुसला. "लई धूळ हाय," म्हणाले. काकूंनी त्यांच्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि त्यांचे डोळे टिपले.

चिकटपट्टीला धूळ चिकटते म्हणून काकांनी ती दुसऱ्याच दिवशी काढून टाकली. आता पुसून झालं की खटका पुन्हा सरकवायचा, असं त्यांना नीट शिकवलं होतं. आठवड्यातून चारदा ते विसरत. मग भिंतीपलीकडून हाक येई, "गुरुजी, छत्र्या जाग्या झाल्या वाटतं." मी चहाचा कप तसाच ठेवून जाई. कुरकुरत जाई, पण ती हाक मला आवडायची.

काका गेल्यावर महिन्याभरानं मी सहज चौकशीला गेलो. काकूंनी लॅपटॉप समोर ठेवला होता, त्यावर नात दिसत होती. इंटरनेट त्रास देत नाही ना, मी विचारलं.

काकूंनी फडक्याची घडी मांडीवर सारखी केली. "न्हाई गुरुजी," त्या म्हणाल्या, "आता सकाळी कोणी बंदच करत न्हाई."